मागून खाल्लेला मासा

खाण्याच्या बाबतीत मी भित्रा आहे असं कोणाला वाटत असेल, तर त्याने खुशाल माझ्या आईला विचारावं, असं मी म्हटलं असतं. पण ती आता नाही, तेव्हा मीच सांगतो. पाच वर्षांचा असताना पाहुण्यांसाठी परतून ठेवलेली पातेलंभर सुकट मी एकट्याने फस्त केली होती. आमच्या तव्यावर सुकी मासळी पडली की शेजारच्या काकू धाडकन खिडकी लावून घ्यायच्या, आणि आम्ही चौघं भावंडं रिकाम्या ताटल्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात हजर. वासाला घाबरणारं रक्त आमच्यात नाही.

असा मी परदेशात आलो आणि एका माशासाठी अकरा वर्षं थांबलो. मासा काही खोल समुद्रात नव्हता. माझ्यासमोर टेबलावर होता, हाताच्या अंतरावर. हसू येत असेल तर हसा, मला आता काही वाटत नाही.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. हे काम एकट्याचं नाही, जोडीचं आहे. जुन्या इमारतींत लिफ्टसाठी गच्चीवर एक खोली असते. तिथे मोटर, ब्रेक आणि एक मोठं लोखंडी चाक. जोडीतला एकजण त्या चाकापाशी थांबतो आणि दुसरा खाली, शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट जिच्यातून वर-खाली जाते त्या उभ्या विहिरीत, लिफ्टच्या डब्याच्या छपरावर उभा राहतो. छपरावरचा सांगणार, वरचा ब्रेक सैल करून हाताने चाक फिरवणार, आणि डबा चार-चार बोटं सरकणार. छपरावरचा तो मी. चाकापाशी थोरला.

थोरला हे नाव मी ठेवलं. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठा, प्रत्येक दारातून वाकून जाणारा, आणि बोलण्यात असा चिक्कू की दिवसाला वीस शब्द, त्यातले निम्मे 'थांब'. नावाचा अर्थ सांगितला तेव्हा त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "चालेल." हे त्याचं भाषण. पण पहिल्याच दिवशी कामाचा नियम मात्र त्याने मला नीट बसवून सांगितला होता.

"शाफ्टमध्ये एक गोष्ट एकदाच बोलायची. तू बोलशील, मी तेच परत बोलेन, तू 'हो' म्हणशील, मग चाक फिरेल. तू 'नको' म्हणालास, तर नको. मी पुन्हा विचारणार नाही. तिथे पुन्हा पुन्हा विचारणारा माणूस दुसऱ्याची बोटं घालवतो."

मी मान डोलावली. नियम चोख होता. आज माझी दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत ती त्या नियमामुळे आणि त्या माणसामुळे, हे मी कोणालाही छातीठोकपणे सांगेन. घोटाळा एवढाच झाला, की हा नियम तो जेवणाच्या टेबलावरही पाळतो हे माझ्या लक्षात आलं नाही.

मी कामाला लागून तीन आठवडे झाले होते. थंडी पडायला लागली होती. आमच्या वर्कशॉपच्या मागच्या बाजूला जेवायची खोली आहे. लांब टेबल, सहा खुर्च्या, पाणी तापवायची किटली, आणि नीट न लागणारी एक खिडकी. त्या दिवशी थोरल्याने पिशवीतून काचेची एक बुटकी बरणी काढली. झाकणावर फडकं, फडक्यावर दोरा. दोरा सोडला आणि खोलीतली हवाच बदलली. आत बोटाएवढे मासे होते. अख्खे, डोक्यासकट, आतड्यांसकट, मिठात घालून सहा महिने आंबवलेले. मऊ होऊन एकमेकांत मिसळलेले, रंग राखाडी आणि गुलाबी यांच्या मधला. त्यावर आंबूस पाणी. हे असंच, न शिजवता, जाड्या काळ्या ब्रेडवर पसरून कच्च्या कांद्याबरोबर खायचं.

एखादा पळाला असता. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. इतक्या लांब येऊन शेवटी एक ओळखीची दुर्गंधी भेटली, असं वाटलं मला. थोरला चमचा भरून सगळ्यात आधी माझ्याकडे वळला. आणि मी काय केलं? ताटलीवर आडवा हात धरला आणि म्हणालो, "नको, नको. तुम्ही घ्या."

आता हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. आमच्याकडे पहिला 'नको' म्हणजे नुसता नमस्कार. तो खाण्याला नसतो, वाढणाऱ्याला असतो. वाढणारा म्हणतो, अहो घ्या की. दुसऱ्या 'नको'ला आवाज जरा खाली येतो. तिसऱ्यांदा तो म्हणतो, माझी शपथ आहे, आणि मग आपण हात बाजूला घेत म्हणायचं, बरं, अगदी थोडंसंच. पहिल्या फटक्यात 'हो' म्हणणारा तो हावरट. लहानपणी एकदा मी मावशीकडे तसं म्हणालो होतो, तर आईने घरी येईपर्यंत माझ्याशी अवाक्षर काढलं नव्हतं. तेव्हा मी शहाण्या मुलासारखा हात आडवा धरला आणि दुसऱ्या विचारणीची वाट बघत राहिलो. बोटांत चांगली फट ठेवली होती.

चमचा उजवीकडे वळला आणि शेजारी बसलेल्या आमच्या वायरमनच्या ताटलीत रिकामा झाला. मग पुढच्याच्या. मग पुढच्याच्या. बरणी टेबलाला वळसा घालून आली आणि माझ्यापुढून निघून गेली. मी शेवटपर्यंत आशेवर होतो. शेवटी थोरल्याने ब्रेडच्या तुकड्याने बरणीचा तळ पुसला, तेव्हा मी कोरडा ब्रेड चावायला लागलो.

पुढच्या थंडीत बरणी परत आली, आणि तिच्याबरोबर एक डबा आला. "माझ्या बायकोने दिलाय. तुझ्यासाठी," थोरला म्हणाला. आत दोन उकडलेले बटाटे आणि एक उकडलेलं अंडं. मीठसुद्धा नाही. प्रेमाने दिलेलं आहे म्हटल्यावर मी खाल्लं, आणि आपली रीत म्हणून "वा, छान!" असं म्हणालो. त्याच्या पुढच्या वर्षी दोन अंडी आली.

तुम्ही म्हणाल, मग मागायचं की! तर मागणं हा त्याहून मोठा गुन्हा. दुसऱ्याच्या ताटाकडे बघायचं नाही, आणि तोंडाने मागून तर मुळीच खायचं नाही, हे आमच्या घरात भिंतीवर लिहिलेलं नव्हतं एवढंच. मी साहेबांशी भांडून सुट्टी घेतली आहे. परवाना देणाऱ्या कचेरीत टेबलावर हात आपटला आहे. सतराव्या मजल्याच्या शाफ्टमध्ये एका पायावर उभा राहून जेवणाचा डबा संपवला आहे. पण 'मला पण वाढा' हे तीन शब्द माझ्याने होत नव्हते. दरवर्षी बरणी यायची, माणसं खिडकीकडे सरकून बसायची, आणि मी इकडच्या टोकाला बटाटे खायचो. ती तिकडे का बसतात, असा प्रश्न मला कधी पडला नाही. मी स्वतःला चतुर समजतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

हा प्रकार असाच चालला असता. पण या वर्षी थोरला निवृत्त व्हायचा होता. शेवटचा दिवस शुक्रवार, आणि रविवारी नवरा-बायको सामान घेऊन तिच्या माहेरच्या गावी कायमचे जाणार. ते गाव इथून पुऱ्या एका दिवसाच्या प्रवासावर.

त्या आठवड्यातल्या सोमवारी मी आणि वायरमन गाडीत सुटे भाग चढवत होतो. वायरमन तोंडाचा फटकळ, पण मनाने साफ. तो म्हणाला, "या वर्षी बरणी बहुतेक येणार नाही."

"का?"

"तुझ्यामुळे. शेवटच्या दिवशी तुला लांब बसवायचं नाही, असं म्हणतो."

"मला लांब? मला कोण लांब बसवतंय?"

वायरमनने हातातलं खोकं खाली ठेवलं. "तुला वास सहन होत नाही म्हणून आम्ही दरवर्षी खिडकीशी बसतो. आणि तुला माहीत नसेल तर सांगतो, त्याच्या बायकोला ते लागलं होतं. तिच्या आजीपासून चालत आलेली पद्धत आहे ती. तू ताटलीवर हात ठेवलास, हे त्याने घरी जाऊन सांगितलं. तिला वाटलं, तू नाक मुरडलंस. तो बोलत नाही, पण त्यालाही लागलंय. अजून आहे ते त्याच्या मनात."

नाक? मी मुरडलं? सुकट खाऊन वाढलेल्या माणसाने? आधी मला संताप आला, तो वायरमनचा. मग थोरल्याचा. गाडी सुरू होईपर्यंत तो फिरत फिरत योग्य माणसापाशी येऊन पोचला होता. ज्या माणसाच्या एका हातावर मी अकरा वर्षं जीव टाकून उभा राहिलो, त्याला वाटत होतं की त्याच्या घरचं अन्न मला घाण वाटतं. आणि रविवारी तो हेच मनात घेऊन जाणार होता.

घरी बायको इस्त्री करत होती. मी सगळं सांगितलं. तिने इस्त्री उभी केली.

"अकरा वर्षं? अहो, मला वाटत होतं तुम्ही तिथे दरवर्षी ताव मारता! बरणी आली, बरणी आली म्हणून सांगायचात की घरी येऊन."

"बरणी आली होतीच. मी कुठे खोटं बोललो?"

"आणि 'नको' कशाला म्हणालात?"

"तू पहिल्यांदा विचारल्यावर 'हो' म्हणाली असतीस?"

तीही म्हणाली नसती. तिने इस्त्री परत हातात घेतली. मग म्हणाली, "ते झालं. आता मागा."

"मागू? मी?"

"भीड भिकेची बहीण, ती अशी. त्या माणसाच्या हातात जीव देता रोज, आणि त्याच्याकडे एक मासा मागता येत नाही?"

मी चहा कर म्हणालो. तिने केला नाही.

पण सवय अशी सहज जात नाही. मी ठरवलं, मागायचं नाही, सुचवायचं. मंगळवारी मी छपरावर उभा राहून वर ओरडलो, की काल आमच्या घरी मासळीचा विषय निघाला होता. वरून आवाज आला, "दोर बघितलास का?" बुधवारी जेवताना मी आईच्या हातच्या सुक्या मासळीचं असं रसभरित वर्णन केलं की माझंच मला भरून आलं. थोरल्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आईची आठवण येते." आणि स्वतःचं सफरचंद मला दिलं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्याला ताक मिळत नाही. मला सफरचंद मिळालं.

गुरुवारी सकाळी आम्ही एका जुन्या, नऊ मजली इमारतीत होतो. दोरांची तपासणी होती. वर जायच्या आधी थोरला म्हणाला, "उद्या बरणी आणत नाही. सगळे एकत्र बसू. बायको तुझे बटाटे देणारच आहे." आणि जिना चढून गेला.

मी डब्याच्या छपरावर जाऊन उभा राहिलो. डोक्यावर काळोखी विहीर, तिच्या टोकाला मशीनच्या खोलीतला पिवळा उजेड. माझ्यापुढे पाच पोलादी दोर, ग्रीस लागलेले. काम सुरू झालं.

"खाली," मी म्हणालो.

"खाली?" वरून आलं.

"हो."

चार बोटं खाली. मी दोरावरून फडकं फिरवलं, एकही तार तुटलेली नव्हती. परत तेच. परत तेच. सहाव्या मजल्याच्या दारापाशी आलो असू. मला एकदम वाटलं, ही आपली शेवटची विहीर आहे या माणसाबरोबर. उद्या नुसतं जेवण आणि टाळ्या. इथे मी जे एकदा बोलतो ते हा माणूस करतो. इथे अहो-जाहो नसतं, आढेवेढे नसतात. इतकी वर्षं मी याला हजार गोष्टी मागितल्या आहेत, वर, खाली, पाना दे, दिवा सोड, आणि मला एकदाही लाज वाटलेली नाही.

"थांब," मी ओरडलो.

"थांब?"

"हो."

ब्रेक लागल्याचा आवाज आला.

"बरणी आण," मी म्हणालो.

विहिरीत माझाच आवाज फिरून माझ्याकडे आला. थोरल्याचं डोकं उजेडात आडवं आलेलं दिसलं. तो खाली वाकून बघत होता. मला वाटलं, आता विचारेल, का, कशाला, तुला चालेल का. पण नियम म्हणजे नियम.

"बरणी आण?" वरून आलं.

"हो," मी म्हणालो. "खाली."

"खाली?"

"हो."

चाक फिरायला लागलं. संध्याकाळपर्यंत त्यावर दोघंही एक शब्द बोललो नाही.

शुक्रवारी बरणी आली. फडकं, दोरा, सगळं तसंच. डबाही आला. थोरल्याने डबा माझ्यापुढे ठेवला आणि बरणी उचलून खिडकीकडे चालायला लागला. बाकीचेही खुर्च्या ओढायला लागले. मला वाटलं होतं, कालच्या त्या दोन शब्दांनी काम झालं. पण तो माणूस सांगितलं तेवढंच करणारा. मी 'आण' म्हणालो होतो, त्याने आणली. 'वाढ' कुठे म्हणालो होतो?

मी उठलो. ताटली उचलली, चालत खिडकीपाशी गेलो, आणि त्याच्यापुढे धरली.

"मला वाढा," मी म्हणालो.

थोरला माझ्या ताटलीकडे बघत राहिला. मग त्याने बरणीवर आडवा हात धरला.

"नको," तो म्हणाला. "माझा शेवटचा दिवस आहे म्हणून तू हे करू नकोस. मला राग नाही."

घ्या! मी मागतोय, आणि हा 'नको' म्हणतोय. त्याचा 'नको' खरा असतो हे मला माहीत होतं. एकदा म्हणाला की संपलं. पण इतकी वर्षं मी त्याच्या नियमाने चाललो होतो. एक दिवस माझ्या नियमाने.

"वाढा," मी परत म्हणालो.

"नको म्हटलं ना."

"माझी शपथ आहे तुम्हाला. वाढा."

आणि मग मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पहिला नको, दुसरा नको, तिसऱ्यांदा 'थोडंसंच'. बोटांतली फटही सांगितली. मागून खायचं नसतं, तेही सांगितलं. मला बटाटे आवडत नाहीत, हे सांगताना माझा आवाज थोडा चढला असावा. वायरमन आधी हसला, मग टेबलावर डोकं टेकून हसला. बाकीचेही हसायला लागले. थोरला हसला नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या लाल झालेल्या मी फक्त एकदा पाहिल्या होत्या. कोणीतरी ब्रेक न तपासता मोटर चालू केली होती तेव्हा.

"ती बरणी तुझ्यासाठी होती," तो म्हणाला.

"कुठली?"

"पहिली. त्याआधी मी इथे बरणी कधीच आणली नव्हती. नवा माणूस माझ्या चाकाखाली उभा राहणार होता. त्याने माझ्यावर विश्वास ठेवायला पाहिजे होता. बायको म्हणाली, घरचं घेऊन जा, घरचं खाल्लं की माणूस आपला होतो. तिने तळातले, सगळ्यात मुरलेले मासे काढून दिले. तू हात आडवा धरलास. घरी जाऊन मी तिला काय सांगायचं?"

एका दमात त्याला एवढं बोलताना आमच्यापैकी कोणी ऐकलं नव्हतं. हसणं कधीच थांबलं होतं.

"मग मी दरवर्षी आणली," तो म्हणाला. "वाटायचं, या वर्षी तरी हात काढेल. तू एकदा, एकदा तरी बोलायचंस!"

"तुम्ही एकदा तरी परत विचारायचं!" मीही ओरडलो.

आम्ही दोघं समोरासमोर उभे होतो, मध्ये बरणी. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी त्याचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. ही सगळी वर्षं हा चमचा घेऊन माझी वाट बघत होता, आणि मी ताटली घेऊन याची.

त्याने बरणीवरचा हात काढला. चमचा खाली, पार तळापर्यंत घातला आणि भरून माझ्या ब्रेडवर ओतला. वर कांदा ठेवला. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला आणि सरळ माझ्या तोंडाकडे बघायला लागला.

मी मोठा घास घेतला. छोट्या घासाचा मी माणूस नाही.

खरं सांगतो, सुकटीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. आधी मीठ आलं, जिभेला चटका बसावा असं. मग आंबट. मग काहीतरी असं वर चढलं की नाकातून डोळ्यांत आणि डोळ्यांतून कानांत गेलं. मासा दातांना लागतच नव्हता, नुसता पसरत होता, गार आणि बुळबुळीत. मधेच एक बारीक काटा. जुन्या लिफ्टच्या खड्ड्यात साठलेल्या पाण्यात एकदा माझा पाय गेला होता, ते बुटातलं पाणी मला आठवलं. मी चावलं. गिळलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते कशाचं हे मला सांगता येणार नाही.

"कसं लागलं?" थोरल्याने विचारलं.

'छान' हा शब्द माझ्या ओठांवर तयार होता. तो नेहमीच तयार असतो. त्याच शब्दावर मी बटाटे आणि अंडी ओढवून घेतली होती. मी तो मागे ढकलला.

"भयंकर आहे," मी म्हणालो. "आयुष्यात इतकं वाईट काही खाल्लं नाही."

मी ताटली पुढे केली.

"आणखी वाढा."

थोरला क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या पोटातून कुठून तरी हसू निघालं. उंच माणूस, हसला की खुर्चीसकट हलायचा. त्याने डोळे पुसले, चमचा भरला, वाढला, आणि दुसऱ्या हाताने खिशातून फोन काढून बायकोला लावला. मी दुसरा घास घेतला. तो पहिल्यापेक्षा बरा होता असं म्हणणार नाही. पण मला तो हवा होता.

"खाल्लं त्याने," थोरला फोनमध्ये म्हणाला. "हो, त्यानेच. स्वतः मागून. नाही, वाईट लागलं म्हणतो. भयंकर म्हणाला. अगं, ऐक तरी. परत मागून घेतलं."

मग तो बराच वेळ नुसतं ऐकत होता. शेवटी त्याने फोन माझ्यापुढे धरला. माझे हात माशाने भरलेले, म्हणून त्यानेच माझ्या कानाला लावला. या बाईचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"अकरा वर्षं मी तुझे बटाटे उकडतेय," ती म्हणाली.

"हो वहिनी." वहिनी हा आमच्याकडचा शब्द, तिला काय कळणार, पण तोंडून तोच आला.

"आणि अंडी सोलतेय. मला अंडी सोलायचा किती कंटाळा आहे, माहीत आहे?"

"चुकलं माझं."

तिकडे सामान बांधायची खुडबुड ऐकू येत होती.

"बरणी संपल्याशिवाय उठायचं नाही," ती म्हणाली.

मी बरणीत डोकावलो. ती अर्ध्याहून जास्त भरलेली होती.

"नाही उठत," मी म्हणालो, आणि ताटली पुढे केली.